ढिला टाका

बुकित बातोक, सिंगापूर
१८ जानेवारी

दीपू,

जय भीम. तू उत्तर देत नाहीस म्हणून मी जय भीम करायचा थांबत नसतो.

पाकिटावर नाव एल्केबाईंचं टाकलंय, कारण ऑर्डर त्यांच्या नावाने आली. ड्रेस्डेनहून, बॅलेच्या प्रॅक्टिसचा टूटू, जाळीच्या थरांचा आखूड झगा, पांढरा, एक नग. एल्के नावाची कोणीतरी तुझ्या खोलीत राहत असणार, आणि आपण सिंगापूरहून कपडा मागवलाय हे त्या बिचारीला ठाऊकही नसणार. त्यांना माझा नमस्कार सांग.

ओळखलं आईने, मी नाही. मी मापं मोठ्याने वाचत होतो, ती वर्कशॉपच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. छाती, कंबर, मांडी. शेवटी शेऱ्यात एक ओळ होती : कंबर ते हाड, डावीकडे इतकं, उजवीकडे इतकं.

आई म्हणाली, "अहो, परत वाचा."

मी परत वाचलं.

"दोन्हीकडची मापं कोण देतं जगात?"

"कोणी नाही."

"मग?"

मग मी चष्मा काढून पुसला. जगातले सगळे शिंपी माणूस सरळ असतं असं धरून कापड कापतात. तू नऊ वर्षांची असताना तुझा पहिला टूटू स्टेजवर बशी कलंडल्यासारखा एका बाजूला झुकला, तेव्हा आईने तुला मोरीत उभं करून टेपने मोजलं. डावं हाड पाऊण इंच वर. त्या दिवसापासून आपल्याकडे दोन्ही बाजू मोजतात, आणि फक्त आपल्याकडेच मोजतात. नाव बदललंस, पत्ता बदललास, कंबरेचं हाड कसं बदलशील? तुझ्या बापाने पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांची सोंगं पाहिली आहेत, इतकं सोपं सोंग नाही पाहिलं.

कंबर दोन इंचांनी कमी झाली आहे. त्यावर बोलायचं नाही अशी मला सूचना आहे. जेवतेस ना?

आजोबा गेले त्या वेळी तू आमचे दोन्ही नंबर बंद केलेस, त्याला दोन वर्षं झाली. त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय मी आईला वचन दिलंय की तुला फोन करणार नाही, मेसेज करणार नाही, दुकानाच्या ईमेलवरूनही काही लिहिणार नाही. पत्राचं ती काही बोलली नाही. आजकाल कोणी पत्र लिहितं हे तिच्या लक्षात आलं नसावं.

वचन कशासाठी, ते विचारू नकोस.

इकडची गंमत सांगतो. परवा एक चिनी आजी नातीला घेऊन आली. मुलगी सहाएक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी तिला गुडघ्याखाली येणारा लांब, मऊ टूटू दाखवला. तिने मान हलवली आणि वर टांगलेल्या आखूड, आडव्या टूटूकडे बोट केलं. "आय वॉन्ट दॅट वन. द वन कॅन स्टँड बाय इटसेल्फ."

आजी म्हणाली, "आय्यो! सो शॉर्ट! शो बॅकसाइड लाह!"

मला इतकं हसू आलं. तूच सांगितलं होतंस ना, पॅरिसमध्ये दीडशे वर्षांपूर्वी हीच बोंब झाली होती म्हणून? आधी झगा घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यावर. मुली पायाच्या बोटांच्या टोकांवर उभ्या राहायला लागल्या तसं पाय दिसायला हवेत म्हणून कापड वर सरकत गेलं, शेवटी आडवं होऊन हवेतच थांबलं. आणि टूटू हे नाव म्हणे तिकडच्या लहान मुलांच्या बोलीतून आलं, ढुंगणाला लाडाने म्हणतात तसं. म्हणजे त्या आजीने न शिकता इतिहास बरोबर सांगितला.

आई ऐकत होती. मुलगी गेल्यावर म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे. बायकांचा कुठला कपडा असा आहे? साडी सावरा, ओढणी सावरा. हा आपला आपण उभा राहतो, अंगाला चिकटत नाही, आणि कोणाला हातभराच्या आत येऊ देत नाही."

ते शेवटचं मला लागलं. आपले सगळे फोटो काढून बघ. तू मध्ये, टूटूत, आणि मी दर फोटोत हातभर लांब, बांधावर उभा असल्यासारखा. टूटू घातलेल्या मुलीला मिठी मारता येत नाही, जाळी चुरगळते. माझ्याच वर्कशॉपची जाळी.

तुमच्या कंपनीच्या साइटवर १४ मार्चच्या खाली मोठ्या भूमिकेसमोर तुझं नाव आहे. आईने त्याचा प्रिंट काढून शिलाई मशिनच्या वर चिकटवला आहे. मागच्या रांगेतून पुढे यायला तुला चार वर्षं लागली.

आई आहे. काम करते. बसून करते.

तुझे पप्पा


बुकित बातोक
१४ फेब्रुवारी

दीपू,

जय भीम. इथे चिनी नववर्षाची धांदल आहे. लिफ्टपाशी संत्र्यांची झाडं ठेवली आहेत, शेजारच्या मॅडम गोह यांनी आईसाठी अननसाची बिस्किटं दिली. आई खात नाही, मी खातो.

तुमच्या कंपनीने सरावाचा व्हिडिओ टाकलाय. मी तो डोळे मिटून पाहिला. तुला माझी सवय माहीत आहे. नागपूरला गणवेशाच्या दुकानात शिकत होतो तेव्हाही कात्री बोथट झाल्याचं मला आवाजावरून कळायचं. तुझ्या उड्या ऐकल्या. डावा पाय टप् असा पडतो, उजवा थोडा उशिरा, चोरून. उजवा घोटा दुखतोय. तिथे कोणाला सांगितलं नसशील. प्रीमियर होईपर्यंत सांगणारही नाहीस. हे घराणंच तसं आहे.

तेच लिहायला बसलोय, आणि सारखा दुसरीकडे वळतोय.

कपड्याचं आधी सांगतो. जाळीचे दहाही थर मी मशिनवर चढवले. मशिनचं काम माझं, हे तुला माहीत आहे. थर एकमेकांना धरून ठेवणारे लांब, ढिले टाके हे आईचं काम. टूटू मांडीवर उलटा घ्यायचा, एका थरातून सुई घालायची, दुसऱ्यातून काढायची, आणि दोरा मध्ये लोंबता सोडायचा. घट्ट ओढला तर थर चिकटून पोळी होते, जास्त सोडला तर छत्री उलटल्यासारखं होतं. किती सोडायचा ते आईच्या बोटांना कळायचं, तिला विचारलं तर सांगता यायचं नाही. तिचे दोन टाके कधी सारखे नसायचे, आणि घेर मात्र तुझ्या श्वासाबरोबर हलायचा. इथल्या शाळा आपल्याकडे येतात त्या यासाठी. माझ्या गोड बोलण्यासाठी येतात असं मी समजत होतो, तो माझा भ्रम.

यंदा टाके सारखे आहेत. आई खालच्या कॉफीशॉपमधून आणलेली चॉपस्टिक दोन थरांच्या मध्ये आडवी धरते, दोरा तिच्यावरून घेते, टाका झाला की चॉपस्टिक काढून घेते. प्रत्येक टाका चॉपस्टिकएवढा. फार बारीक, फार एकसारखं काम. मी म्हटलं, मी करतो. म्हणाली, "ती उलटून बघेल. तुमचा टाका लगेच ओळखेल."

मला वाटतं तू हाही ओळखशील. बोटांनी काम करणारी बाई मापाला काठी का लावते, हे तुला विचारावंसं वाटेल. वाटू दे.

आजोबा गेले तेव्हा तुझी पुढच्या रांगेसाठीची निवडचाचणी होती. आईचं म्हणणं होतं की आठवडाभराने सांगू, पोरगी एकटी आहे, पाय गळतील. आपल्यात कोणाच्या घरी असं करत नाहीत? माझ्या दहावीच्या वेळी माझी आत्या गेली, तर घरात दोन पेपर होईपर्यंत तिच्यासाठी ताट वाढत होते. तुझ्या आईलाही पूर्वी तिच्या बापाचं असंच उशिरा कळलं होतं. म्हणजे आम्हाला ही माया म्हणूनच ठाऊक. आणि त्याच दिवशी तू नाचाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलास, आजोबा बघतील म्हणून. सगळ्यांनी हार्ट पाठवले. नागपुरात आजोबांना अंगणात ठेवलेलं, आणि नातेवाईक तुला हार्ट पाठवत होते. पुण्यानुमोदनाच्या विधीचा फोटो तुझ्या चुलतभावाने स्टेटसला ठेवला, त्यातून तुला कळलं.

तू फोनवर म्हणालीस, "पप्पा, यू ऑल मेड मी डान्स. ऑन दॅट डे. यू ऑल क्लॅप्ड." आणि ठेवलास. तो ठेवल्याचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

चौदा वर्षांची असताना वर्कशॉपमध्ये जाळीच्या गठ्ठ्यावर बसून तू आईला पॅरिसच्या त्या नाचणारीची गोष्ट वाचून दाखवली होतीस. तेव्हा स्टेजवर गॅसचे दिवे असायचे, मुलींचे झगे पेटायचे. मग कोणीतरी औषध काढलं, त्यात कापड बुडवलं की पेट घेत नाही. पण कापड पिवळट व्हायचं, कडक व्हायचं, हलायचं नाही. ती म्हणाली, मला नको. तसं लिहून दिलं तिने. सराव करताना झगा दिव्याला लागला. कित्येक महिने तडफडून गेली. त्या झग्याचा उरलेला तुकडा अजून तिकडे पेटीत जपलाय म्हणतात.

आईच्या डोळ्यांना धार लागली होती. "मूर्ख पोरगी," म्हणाली, "कोणी दोन मुस्कटात मारून घालायला लावायचं ना." आणि तू म्हणालीस, "बट मम्मी, दे टोल्ड हर. शी न्यू. शी चूज."

ते मी विसरलो होतो. या महिन्यात सारखं आठवतंय.

आज इतकंच. आई हाक मारते आहे.

तुझे पप्पा


बुकित बातोक
२५ फेब्रुवारी

दीपू,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय, तीन दिवसांत पोचेल म्हणतात. उभ्याने वाचू नकोस. बस.

आईला आतड्याचा कॅन्सर आहे. ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हाच यकृतापर्यंत गेला होता. औषधाने बोटांची जाणीव गेली. सुई टोचली तरी कळत नाही, जाळीवर लाल ठिपका दिसला की कळतं. म्हणून चॉपस्टिक.

काल हॉस्पिटलमध्ये पडद्याअलीकडे आई आणि मी, पलीकडे तरुण डॉक्टर आणि नर्स. तो हळू बोलत होता, पण माझ्या कानांना हळू असं काही नाही. म्हणाला, "आस्क द हजबंड, गॉट चिल्ड्रन ओव्हरसीज ऑर नॉट. इफ हॅव, बेटर कॉल बॅक नाऊ." मग पडदा सारून आत आला आणि आम्हाला म्हणाला, औषध थांबवू या, आराम करू द्या.

परत येताना टॅक्सीत आईने विचारलं, "पडद्यामागे काय बोलत होता?"

"काही नाही. आराम करा म्हणाला."

"तुमचे कान तिखट आहेत, तोंड नाही," म्हणाली. बुकित बातोकचा फाटा आल्यावर म्हणाली, "चौदा तारखेपर्यंत काढते मी. तोपर्यंत तिला कळवायचं नाही. पहिलं मोठं काम आहे पोरीचं, माझ्यापायी बुडायला नको. तुम्ही शब्द दिलाय."

दिलाय. वचन होतं ते हेच. तीस वर्षांत या बाईला दिलेला एकही शब्द मी मोडलेला नाही. या धंद्यात माझं भांडवल तेवढंच होतं, शब्द आणि ती.

दीपू, चौदा तारखेपर्यंत ती काढेल असं मला वाटत नाही. तिचा श्वास मी ऐकतोय.

रात्रंदिवस त्या पॅरिसच्या मुलीशी भांडतोय. चुकली ती, शंभर वेळा चुकली. पण तिला सांगितलं होतं. तिच्यासमोर दोन्ही झगे ठेवले होते, निवडला तिने. आम्ही तुझ्यासमोर एकच ठेवला आणि वरून टाळ्या वाजवल्या.

या वेळी दोन्ही ठेवतोय. ये म्हणत नाही. येऊ नको म्हणत नाही. तू थांबलीस, नाचलीस, तर मी इथे आईच्या शेजारी बसून तुझ्या उड्या तिला ऐकवेन, आणि तुला कोणी बोल लावणार नाही. मी लावू देणार नाही. तू आलीस तर दाराची चावी जुन्याच जागी आहे, कुंडीखाली.

आईला हे पत्र माहीत नाही. ती माझ्यावर रागावेल. उरलेल्या दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही तर काय, हा विचार मी केलाय. करून पाकीट बंद करतोय.

पप्पा


बुकित बातोक
१४ एप्रिल

दीपू,

जय भीम. आज जयंती. संध्याकाळी बेडोकच्या हॉलमध्ये आपली मंडळी जमली होती. पाळणा झाला, पोरं नाचली. लोक तुझी चौकशी करत होते. मी म्हटलं, परत गेली, घोट्याला पट्टी बांधून सराव करते आहे. "उत्तमराव, तुमची पोरगी नाव काढणार हो," असं एकजण म्हणाला. मी हसलो. मला येतं ते.

आता तुझा फोन लागतो, रोज बोलतो आपण, तरी लिहितोय. तूच म्हणालीस ना, "फोनवर यू ओन्ली टॉक वेदर, पप्पा. लेटर बेटर." शिवाय काही गोष्टी तुझ्या मागे घडल्या, त्या तोंडाने सांगता येत नाहीत.

मार्च लागताच तू कुंडीखालच्या चावीने दार उघडून आत आलीस, तेव्हा आईचा चेहरा तू पाहिलास. त्यानंतरचा माझ्याकडे वळलेला चेहरा तू पाहिला नाहीस. तू मोरीत हात धूत होतीस. आई म्हणाली, "शब्द मोडलात." आणि भिंतीकडे वळली.

तुला वाटलं ती थकली म्हणून माझ्याशी बोलत नाही. थकली होती, पण ते कारण नव्हतं. "दीपू, तुझ्या पप्पांना म्हणावं पाणी हवंय." "दीपू, त्यांना म्हणावं रेडिओ बारीक करा." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असायचो. तू हसायचीस, "व्हाय यू ऑल लाइक दॅट?" मीही हसायचो. इतक्या वर्षांत तिने धरलेला तो पहिला अबोला, आणि हातात दिवस किती ते आम्हा दोघांना ठाऊक.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात खिचडी टाकत होतो. तुम्हाला वाटलं कुकरच्या शिट्टीत मला ऐकू येत नाही. टूटू तुझ्या मांडीवर उलटा, सुई तुझ्या हातात, आईचा हात तुझ्या मनगटावर.

ती म्हणाली, "ओढू नको. सोड. अजून सोड. आता सुटेल असं वाटलं पाहिजे."

तू म्हणालीस, "अँड विल नॉट ड्रॉप?"

"नाही सुटत."

मग तू विचारलंस, हळूच, "देन व्हाय यू विथ मी ऑलवेज पुल सो टाइट, मम्मी?"

मी गॅस बंद केला. आईने तुझ्या हाताखालची जाळी सारखी केली. मग म्हणाली, "जाळीचं कळायचं गं मला. तुझं कळलं नाही."

त्यानंतर तुम्ही दोघी रडलात. मी खिचडी परत गरम केली.

आता जे तुला माहीत नाही ते. नऊ थरांचे टाके झाले होते, शेवटचा थर राहिला होता. तू खाली आईसाठी पेज आणायला गेलीस. मी खिडकीपाशी उभा होतो. मागून आवाज आला, "अहो."

आठ दिवसांत पहिल्यांदा. मी वळलोच नाही एकदम, वाटलं कान फसवतायत.

"अहो, शेवटचा थर तुम्ही करा."

मी म्हटलं, "मला नाही जमत सरिता. मी ओढतो."

"म्हणूनच. आणि ती चॉपस्टिक लावू नका."

बस. माफ केलं म्हणाली नाही, बरं केलंत म्हणाली नाही. तू पेज घेऊन आलीस, तिने दोन चमचे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. १४ तारीख तीन दिवसांवर होती.

तू परत जाताना चांगी विमानतळावर विचारलंस, टूटू का देत नाही, एकच थर तर राहिलाय, तिकडे कोणीही करील. मी काहीतरी थाप मारली, आता आठवत नाही. मग नेहमीसारखा हातभर लांब उभा राहिलो. तू म्हणालीस, "पप्पा, नो टूटू नाऊ. कम लाह." एवढ्या गर्दीत.

तर, तो थर. पहिल्यांदा केला आणि उलटून पाहिला, पोळी. उसवला. दुसऱ्यांदा केला, इतका भ्यायलो होतो की दोरे खाली लोंबले. उसवला. जाळीला भोकं पडायला लागली. मग एक दिवस मशीन बंद केलं, पंखा बंद केला, दार लावलं. मला बोटांनी कळत नाही, कानांनी कळतं, मग तसंच करावं म्हटलं. दोरा जाळीतून जाताना बारीक करकरतो. ओढत गेलं की करकर चढत जाते, आणि एका जागी, चढायच्या जरा आधी, थांबते. तिथे सोडायचा. आई तिथेच सोडत असणार. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिचं सगळं ऐकलं, हे कसं ऐकलं नाही?

दोन टाके सारखे आलेले नाहीत.

कपडा या पत्रासोबत येतोय, खोक्यात उलटा ठेवला आहे. एकदोन ठिकाणी लाल ठिपके दिसतील. ते धुऊ नकोस, किंवा धू, तुझं तू ठरव. १४ मार्चचं हुकलं, मेमध्ये तुझं नाव परत लागेल तेव्हा घाल. घोटा दुखला तर तिथे कोणाला तरी सांग.

घालायच्या आधी उलटून बघशीलच. वरचा थर माझा आहे. बोट घालून बघ, ढिला सोडलाय.

पप्पा